मान स्थिर ठेवण्याची कार्यपद्धती

होकार देताना माणसाची मान सरासरी चौदा अंश खाली जाते. समोरच्याचं बोलणं आपण ऐकतो आहोत, एवढंच दाखवायचं असेल तर अकरा अंश. ही मोजणी मी दोन आठवडे कोनमापक घेऊन केली आहे (निरीक्षणे २१२, व्यक्ती तीन, त्यांपैकी चहावाल्याची निरीक्षणे नंतर वगळली, कारण मोजणी चालू असल्याचं कळल्यावर तो मुद्दाम ताठ चालू लागला). फरक फक्त तीन अंशांचा. घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात सरकतो तेवढा. एवढ्या फटीतून एक अख्खी वकिली खाली पडू शकते, ही गोष्ट मात्र मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडली नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

वकिली माझ्या थोरल्या भावाची. कोर्टासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक बाक, टायपिस्टबाईंचं टेबल आणि फाइलींचं कपाट. आतल्या खोलीत दादा. निवृत्त झाल्यावर मीही तिथे जाऊन बसू लागले. त्याआधी एकतीस वर्षं मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. आमच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी एक ओळ छापलेली असे : ‘हा निष्कर्ष फक्त आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता मर्यादित आहे.’ या एका ओळीमुळे एकतीस वर्षांत आमच्यावर एकही दावा झाला नाही. पाणी प्यावं की नाही, हे लोकांनी आपापलं ठरवलं.

दादाकडे अशी ओळ नव्हती. त्याच्याकडे मान होती.

झालं असं, की एक फर्निचरवाला त्याच्याकडे एका गोदामाच्या भागीदारीबद्दल विचारायला आला होता. अर्धा तास स्वतःच बोलला आणि शेवटी म्हणाला, “मग मारू ना उडी?” दादाने मान हलवली. फर्निचरवाल्याने उडी मारली. खाली पाणी नव्हतं. सहा महिन्यांनी नोटीस आली, अकरा परिच्छेदांची. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की, ‘आपण मान हलवून निःसंदिग्ध संमती दर्शविलीत.’ दादाचं म्हणणं, तो चहात पडलेली माशी बघायला वाकला होता. माशीचा जबाब उपलब्ध नव्हता.

पुढे त्या नोटिशीचं काही झालं नाही. मानेची हालचाल म्हणजे सल्ला, असं लेखी द्यायची वेळ आली तेव्हा फर्निचरवाल्याचा नवा वकील स्वतःच सावध झाला. पण दादाने धास्ती घेतली ती घेतलीच. तीन आठवडे त्याच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. कुणी जिन्यावर चढताना दिसलं की तो आतून कडी लावून बसायचा.

“तू प्रयोगशाळेत होतीस ना,” तो मला म्हणाला, “मग काहीतरी कर. मला या वयात आरोपीच्या बाजूला उभं राहायचं नाही.”

मी प्रश्न नेहमीच्या पद्धतीने सोडवायला घेतला. वकिलावर दावा का होतो? (अ) त्याने चुकीचं सांगितलं म्हणून. (आ) बरोबर सांगितलं, पण उशिरा सांगितलं म्हणून. (इ) बरोबर आणि वेळेवर सांगितलं, पण पक्षकाराने ते ऐकलं म्हणून. तिन्ही कारणांत एक घटक समान आहे. तो काढून टाकला की तिन्ही कारणं एकदम नाहीशी होतात. जे सांगितलंच जाणार नाही, ते चुकीचंही असत नाही आणि त्याला उशीरही होत नाही. इतकं स्वच्छ उत्तर मला प्रयोगशाळेतही क्वचितच मिळालं होतं.

सुरुवात मानेपासून केली. औषधांच्या दुकानातून मान आखडल्यावर लावतात तो पट्टा आणला. पांढरा, फोमचा, मागे चिकटपट्टी असलेला.

“मान दुखते का कुणाची?” दुकानदाराने विचारलं.

“नाही हो. बोलते.”

पट्टा लावल्यावर दादाच्या मानेची हालचाल चौदा अंशांवरून दोनवर आली. हे दोन अंश श्वासाचे असल्याने त्यांवर काही उपाय करता आला नाही.

मग लेखी नियम केले. सगळे इथे देत नाही, पण महत्त्वाचे असे : बाहेरच्या खोलीत फलक असावा, ‘येथे बसणे म्हणजे सल्ला घेणे नव्हे.’ पक्षकाराचा प्रश्न छापील अर्जावर घ्यावा आणि तो त्याचाच असल्याबद्दल त्याची सही घ्यावी. पक्षकाराने आणलेला कागद वाचावा, परंतु वाचताना भुवया उचलू नयेत, वाचून झाल्यावर त्याच्या प्रतीवर ‘वाचले, मत नाही’ हा शिक्का मारावा. कागद पक्षकाराला वाचून दाखवू नये, कारण आवाजाला चढउतार असतात. त्याच्यासमोर शब्दकोश उघडू नये. शेवटी न-सल्ला पत्र द्यावं. या पत्रात आपण पक्षकाराला काय काय सांगितलं नाही, याची क्रमवार यादी असते. यादी जितकी लांब, तितकी सुरक्षितता अधिक. (आमचं सर्वांत चांगलं न-सल्ला पत्र नऊ पानांचं होतं. त्या पक्षकाराचा प्रश्न कुंपणाबद्दल होता.)

टायपिस्टबाईंना हे पचायला वेळ लागला. बाई तिथे एकवीस वर्षं होत्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी त्यांना हवामानापुरती सूट दिली होती. एके दिवशी त्या एका पक्षकाराला म्हणाल्या, “आभाळ भरलंय, छत्री घेऊन जा.” हा सल्ला होता. मी त्याऐवजी ‘आकाशाचे निरीक्षण करावे’ असं सुचवलं. मग लक्षात आलं की हाही सल्लाच आहे. शेवटी आम्ही ‘आकाश आहे’ यावर थांबलो.

“ताई,” बाई म्हणाल्या, “पूर्वी लोक इथे रडत यायचे आणि डोळे पुसून जायचे. आता गप येतात आणि सह्या करून जातात. आपलं ऑफिस आहे की शाळेचं हजेरीबुक?”

हे त्यांचं मत असल्याने मी त्याची नोंद केली नाही.

आकडे मात्र बोलके होते. पद्धत लागू होण्याआधीच्या वर्षात दिलेले सल्ले ३११, आलेल्या नोटिसा १. पद्धत लागू झाल्यानंतरच्या सत्तावीस महिन्यांत दिलेले सल्ले ०, आलेल्या नोटिसा ०. दोन्ही संख्यांत इतका सुरेख मेळ मी क्वचित पाहिला आहे. दादाची भूक परत आली. बातमी फुटायला वेळ लागला नाही. आमच्याच मजल्यावरच्या आणखी चार वकिलांनी पट्टे लावले. औषधांच्या दुकानदाराने ते दर्शनी कपाटात मांडून खाली पाटी लावली : ‘वकिली पट्टे. काळ्या रंगातही मिळतील.’ दुपारच्या सुट्टीत आमचे वकील जिना उतरत तेव्हा पायऱ्या दिसत नसल्याने सगळे एका हाताने कठडा धरून, नजर समोर ठेवून चालत. पाहणाऱ्याला वाटावं, किती ताठ कण्याची माणसं आहेत.

अशा सुस्थितीत गाऊनवाल्या मावशी आमच्याकडे आल्या.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत मावशींचा गाळा आहे. आठ फूट बाय अकरा, एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि छतापासून टांगलेले काळे गाऊन. शहरातल्या निम्म्या वकिलांचा गाऊन त्यांच्या हातचा. दादाचा पहिला गाऊनही त्यांनीच शिवला. पहिल्या दिवशी दादाच्या तोंडाला कोरड पडेल म्हणून त्यांनी आतल्या बाजूला न मागता एक चोरखिसा काढून दिला, खडीसाखर ठेवायला. दादा अजून तिथेच खडीसाखर ठेवतो.

मावशींचे यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं. गाळा यजमानांच्या नावावर होता आणि यजमानांचा पुतण्या चार पानं घेऊन आला होता. “काकू, नुसती नावातली दुरुस्ती आहे. तीस तारखेला नोंदणी कचेरीत जायचं, एक सही करायची, झालं,” असं त्याने सांगितलं होतं. तिसऱ्या पानावर, वरून सातव्या ओळीत लिहिलं होतं : ‘सदर गाळ्यातील माझ्या सर्व हक्कांचा मी राजीखुशीने, विनामोबदला व कायमचा परित्याग करीत आहे.’

मावशींचा प्रश्न पाच शब्दांचा होता. “साहेब, सही करू की नको?”

मी अर्ज पुढे केला.

हे एक तारखेला घडलं. पहिल्या भेटीत त्यांच्या सहा सह्या झाल्या : प्रश्न त्यांचाच असल्याची, प्रश्न स्वखुशीने विचारल्याची, उत्तराची अपेक्षा नसल्याची आणि अशाच आणखी तीन. त्यानंतरचे आठ दिवस दादाचे आणि मावशींचे हितसंबंध आहेत की नाहीत हे तपासण्यात गेले. गाऊनची शिलाई दादाने पूर्ण चुकती केलेली होती. पण चोरखिशाचा हिशेब कुठेच लागत नव्हता. आपल्यासाठी न मागता खिसा शिवणाऱ्या व्यक्तीबद्दल वकील तटस्थ राहू शकतो का? मी यावर तीन पानी टिपण केलं आणि ‘राहू शकतो, पट्टा लावल्यास’ असा निष्कर्ष काढला.

दुसरी भेट सतरा तारखेला. मावशींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“वाचता येतं मला, ताई. पण अक्षरं ओळखीची आणि माणसं परकी, असं झालंय. परित्याग म्हणजे काय हो?”

टायपिस्टबाईंनी तोंड उघडलं. मी खोकले. बाईंनी तोंड मिटलं. मी मावशींना सांगितलं की शहरात एक सार्वजनिक वाचनालय असून ते सकाळी दहा ते पाच उघडं असतं. (तिथे जा, असं म्हटलं नाही.)

“साहेब, तुम्ही तरी बोला,” मावशी आतल्या दाराकडे वळून म्हणाल्या. “तुमच्या तोंडात खडीसाखर आहे का अजून?”

दादा पट्ट्यातून समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांची पापणी मिटली आणि उघडली. पापण्यांबद्दल नियम नव्हता; मी तो त्याच संध्याकाळी केला.

त्या दिवशी सात सह्या झाल्या. मावशी पाणी प्यायला उठल्या तेव्हा टायपिस्टबाईंनी ते चार पानी कागद तिसऱ्या पानावर उघडून ठेवले आणि पेपरवेट बरोबर सातव्या ओळीखाली सरकवला. मी तो परत कोपऱ्यात ठेवला.

तिसरी भेट चोवीस तारखेला, सह्या सहा. शेवटची सही करून मावशींनी पेन खाली ठेवलं.

“गंमत आहे बघा,” त्या म्हणाल्या. “त्याच्या एका कागदावर सही करू की नको, हे विचारायला आले, तर तुमच्या एकोणीस कागदांवर करून बसले. एकही वाचला नाही. इतक्या शिकलेल्या माणसांनी दिलेले, म्हणजे चांगलेच असतील.”

इथे एक निरीक्षण नोंदवणं माझं कर्तव्य आहे. पहिल्या सहीला मावशींना अडतीस सेकंद लागले होते. त्यांनी कागद वरून खाली पाहिला, मागची बाजू पाहिली, उजेडात धरला, कापड पारखावं तसा दोन बोटांत चोळून बघितला. एकोणिसाव्या सहीला नऊ सेकंद लागले. त्यात कागद पाहणं नव्हतं. मी आलेख काढला. उताराची रेषा जवळजवळ सरळ होती. आम्ही मावशींना काहीही सांगितलं नव्हतं, तरी त्या आमच्याकडून एक गोष्ट व्यवस्थित शिकल्या होत्या.

आलेख मी दादाला दाखवला. त्याने तो बराच वेळ हातात धरला.

“मग आता?” तो म्हणाला.

“आता काही नाही,” मी म्हणाले. “निष्कर्ष फक्त आपल्याकडे आलेल्या नमुन्यापुरता मर्यादित आहे.”

त्याने मान हलवली असावी. पट्ट्यामुळे कळलं नाही.

तीस तारखेला दुपारी दोन वाजता मावशी आल्या, सोबत पुतण्या. इस्त्रीचा सदरा, हसरा चेहरा, वाकून नमस्कार करणारा. नोंदणी कचेरीची वेळ चारची होती. त्याआधी काकूंनी एका वकिलासमोर सही करावी, म्हणजे पुढेमागे कुणी शंका काढायला नको, असं त्याचं म्हणणं.

“मी सगळीकडे चौकशी केली,” तो अदबीने म्हणाला. “सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं. म्हणाले, त्या ऑफिसात कुणी अध्यात ना मध्यात. असे वकील हल्ली मिळत नाहीत हो.”

आमच्या पद्धतीची बाहेरच्या माणसाने लेखी किंवा तोंडी केलेली ही पहिलीच प्रशंसा. मी आभार मानले.

न-सल्ला पत्राच्या पाच प्रती तयार होत्या. दादा कोर्टातून आल्यापासून अंगात असलेल्या गाऊननिशी आतून बाहेर आला आणि टेबलाच्या टोकाला बसला. मावशींनी पेन घेतलं. पहिली प्रत, नऊ सेकंद. दुसरी, आठ. मी कागद पुढे सरकवत होते, त्या सही करत होत्या, बाई त्यावर टीपकागद दाबत होत्या. मशीनखालून कापड सरकावं तसं सगळं चाललं होतं. तिसरी, आठ. पुतण्याने आपली चार पानं काढली, तिसरं आणि चौथं मागे दुमडलं आणि आमच्या पाचव्या प्रतीखाली अलगद सारली. इतक्या अलगद की टेबलावरचा पेपरवेटसुद्धा हलला नाही.

“अजून किती हो?” मावशींनी मान वर न करता विचारलं. “बोटं वळली माझी.”

“या दोन आणि एक शेवटची, काकू,” पुतण्या म्हणाला.

चौथी, सात सेकंद. पाचवी, सात.

टायपिस्टबाईंनी टीपकागद खाली ठेवला आणि खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, “आकाश आहे.”

नियमानुसार त्यात आक्षेपार्ह काही नव्हतं. पण त्यांचा आवाज कापत होता, आणि आवाजाला चढउतार असतात, हे मी वर सांगितलंच आहे. मावशींनी क्षणभर खिडकीकडे पाहिलं. मग पेन पुन्हा कागदावर आलं.

आता थोडं वाचकांबद्दल. वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे? माझ्या अंदाजाने तिसऱ्या पानाच्या सातव्या ओळीपासून. तेव्हा एक तारीख होती; आज तीस आहे. या काळात तुम्ही मावशींचा प्रश्न तीनदा ऐकला, त्यांची सही अडतीस सेकंदांवरून सातवर येताना पाहिली, फर्निचरवाल्याच्या माशीला हसलात, मी पेपरवेट कोपऱ्यात सरकवला तेव्हा पुढची ओळ वाचायला घेतली. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. मध्ये कुठे मान हलवली असेल, तर ती अकरा अंशांची धरायला माझी हरकत नाही. आमच्या कार्यपद्धतीप्रमाणे तुम्ही पूर्णपणे सुरक्षित आहात. तुमच्यावर कोणताही दावा होऊ शकत नाही. हे मी तुम्हाला लेखी द्यायला तयार आहे. फक्त खाली सही करा.

पेन कागदाला टेकलं तेव्हा माझ्या डाव्या बाजूला चर्र असा आवाज झाला. शिवण उसवल्यासारखा. मावशींचा हात थांबला. असा आवाज त्या झोपेतही ओळखतील. दादाने मानेमागची चिकटपट्टी ओढून काढली होती. पट्टा त्याने टेबलावर ठेवला, पेपरवेटशेजारी. सत्तावीस महिन्यांत पट्ट्याखालची कातडी पांढरी पडली होती आणि मान जरा बारीक दिसत होती.

“साहेब, तुम्हाला त्रास कशाला?” पुतण्या हसत म्हणाला. “तुम्ही तर मत देत नाही ना?”

दादाचा हात गाऊनमध्ये गेला, आतल्या बाजूला. खडीसाखरेचा खडा त्याने तोंडात टाकला. मग त्याची मान आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, कुरकुरत, गंजलेली बिजागरी फिरावी तशी. किती अंश, ते मला सांगता येणार नाही. होकाराचे २१२ नमुने माझ्याकडे होते. नकाराचा कोन मोजायची वेळच आली नव्हती.

मी नियमाप्रमाणे खोकायला तोंड उघडलं. खोकला आला नाही.

“मावशी,” दादा म्हणाला, “सही करू नका.”